साकव आणि शेजारचा तारा

एकदा ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका विदुषीला आपल्याच यशाची भीती वाटू लागली.

तिचं नाव हेमांगी. एका नामांकित खगोलसंस्थेत ती संशोधक होती आणि तिचा एक शोधनिबंध जगभर गाजला होता. आकाशातला एक म्हातारा तारा वर्षागणिक मंदावत चालला आहे, असं तिने आणि तिच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी त्यात दाखवून दिलं होतं. निबंधावर पहिलं नाव तिचं होतं. मोजमापं तिची होती, त्यामुळे तो मानही तिचाच होता.

संशोधकांच्या जगात मोठेपणा मोजण्याची एक रीत आहे. तुम्ही निबंध लिहिता. पुढे दुसरा कुणी आपल्या निबंधात तुमच्या निष्कर्षाचा आधार घेतो आणि शेवटी संदर्भ म्हणून तुमचं नाव देतो. त्याला सायटेशन म्हणतात. ती जितकी जास्त, तितका माणूस थोर. ही रीत बरी की वाईट, ते तूर्त बाजूला ठेवू. माणसाला काहीतरी मोजल्याशिवाय चैन पडत नाही आणि शहाणपण मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही, तेव्हा हे असंच चालायचं. या रीतीने पाहिलं तर हेमांगीचा निबंध म्हणजे दुभती गाय होती. तारा का मंदावतो, याची कारणं शोधायला विद्वानांची झुंबड उडाली. कुणी त्याच्याभोवती धुळीचं कडं घातलं. कुणी एखाद्या वधूवर सूचक मंडळाच्या उत्साहाने त्याला एक अदृश्य जोडीदार मिळवून दिला. प्रत्येक नव्या निबंधाच्या शेवटी हेमांगीचं नाव असे, आणि ते वाचताना तिला मनापासून आनंद होई. का होऊ नये?

आता तारा मंदावतो हे कळतं कसं, तेवढं समजून घेतलं पाहिजे. एकट्या ताऱ्याकडे बघून ते कळत नाही. आकाश आज स्वच्छ असतं, उद्या धूसर असतं. दुर्बिणीच्या आरशावरही कधी धूळ कमी, कधी जास्त. म्हणून शेजारचा एखादा स्थिर तारा धरायचा आणि त्याच्याशी आपला तारा ताडून बघायचा. तराजूच्या एका पारड्यात माप ठेवतात, तसा हा शेजारी. हेमांगीचे गुरू वैशंपायन सर यांनी तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं की शेजारी नेहमी दोन घ्यायचे आणि आपल्या ताऱ्याकडे वळण्याआधी त्या दोघांना एकमेकांशी ताडून बघायचं. हेमांगीने दोन घेतलेही होते. पण दुसरा जरा अंधूक होता, त्याची मापं वेडीवाकडी यायची आणि आलेख खराब दिसायचा. सगळे सहकारी निबंध पाठवण्यासाठी खोळंबले होते. तिने दुसऱ्या शेजाऱ्याला वगळलं.

या वर्षी संस्थेच्या दुर्बिणीवर नवा, अधिक संवेदनशील कॅमेरा बसला. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून हेमांगीने आपला जुना भरवशाचा शेजारी आजूबाजूच्या बऱ्याच ताऱ्यांशी ताडून पाहिला, तेव्हा खरा प्रकार उघडा पडला. म्हातारा तारा जिथल्या तिथे, जसाच्या तसा, स्वस्थ होता. शेजारचाच तारा सावकाश उजळत चालला होता. आगगाडी फलाटावर उभी असताना बाजूची गाडी सुटली की आपलीच हलल्यासारखी वाटते, तशातली गत. धुळीचं कडं, अदृश्य जोडीदार, सगळा संसार नसलेल्या गोष्टीवर उभा होता.

तिने पुन्हा तपासलं. जुनी सगळी मापं घेऊन नव्याने मांडली. उत्तर तेच आलं.

वेळ मात्र मोठी नाजूक होती. संस्थेच्या संचालकपदासाठी तिचं नाव निवड समितीपुढे होतं आणि समितीची बैठक आठवड्यावर आली होती. तिच्या अर्जाचा कणा म्हणजे हाच निबंध. शिवाय चिलीतला तिचा एक तरुण सहकारी, मातेओ, याच निबंधाच्या जोरावर तिथल्या एका प्रचंड दुर्बिणीचा वेळ मिळवून बसला होता. असा वेळ मिळायला लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. त्याची पाळी समितीच्या बैठकीच्या आधीच येणार होती.

हेमांगी काही लबाड बाई नव्हती. चूक कायमची दडपावी असं तिच्या मनातही आलं नाही. फक्त बैठक होऊन जाऊ दे, मग लगेच जाहीर करू, एवढंच ती स्वतःला सांगत होती. मातेओची आठवण झाली की ती घाईने दुसरं काहीतरी काम काढायची. शेवटी तिला वाटलं की सरांना भेटून यावं. खरं सांगायचं तर तिला सल्ला नको होता. 'थांब, काही बिघडत नाही' एवढं सरांच्या तोंडून हवं होतं.

वैशंपायन सर निवृत्त होऊन कोकणात आपल्या मूळ वाडीत राहायला गेले होते. वाडी आणि हमरस्ता यांच्यामध्ये एक खोल, धोंड्यांनी भरलेला ओढा आहे. तिकडे त्याला पऱ्या म्हणतात. त्यावर साकव होता. लाकडाचे खांब रोवून वर पोफळीची खोडं आडवी बांधायची आणि धरायला बांबूचा कठडा करायचा, असा तो साधा पायपूल. जुना साकव वाहून गेला तेव्हा नवा कसा बांधायचा ते सरांनी आखून दिलं, खांब स्वतः निवडले आणि वाडीने हात लावून तो उभा केला. तेव्हापासून त्याला 'सरांचा साकव' असंच नाव पडलं. त्या वाडीची आणखी एक रीत होती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीतल्या देवळातून निघून पऱ्या ओलांडायची ती साकवावरून, आणि साकव बांधणाऱ्याच्या हातचा नारळ घेतल्यावरच ती पुढे सरकायची.

हेमांगी पोचली ती पालखीच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना. साकवाजवळ येते तो तिला दिसलं की सर अर्धी चड्डी घालून पऱ्यात उतरले आहेत आणि मधल्या खांबाच्या बुंध्यावर दगडाने ठोकून, कान लावून ऐकताहेत. पाणी आटल्यामुळे खांबाचा तळ उघडा पडला होता. ती हाक मारणार तेवढ्यात सर वर चढून आले, कडेला तोडून ठेवलेल्या करवंदीच्या काटेरी फांद्या त्यांनी ओढल्या आणि साकवाच्या तोंडाशी आडव्या टाकल्या. पलीकडचं तोंड त्यांनी आधीच बंद केलेलं होतं.

"सर! अहो, मला पलीकडे जायचंय ना!"

"आलीस का? ये, ये," सर म्हणाले. "पण खालून. तिथे उतार आहे बघ. चपला हातात घे आणि शेवाळावर पाय देऊ नकोस."

इतक्यात रस्त्याकडून पाष्टे आले. पाष्टे म्हणजे वाडीचे गावकार, पालखीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. साकव सजवायचा म्हणून त्यांच्या एका खांद्यावर आंब्याचे टहाळे होते आणि दुसऱ्यावर झेंडूच्या माळा. काटे बघून ते जागच्या जागी थबकले.

"काय हो सर, हे काय आरंभलंत? उद्या पालखी यायची नि तुम्ही आज वाटेत काटे घालताय?"

"साकव कुजलाय, पाष्टे. मधला खांब."

"कुठं कुजलाय? सकाळपासनं दोनदा गेलो की मी यावरनं. करकरला पण नाय."

"वरून चांगलाच दिसतो तो."

"अहो, एवढे दिवस धरला, उद्याचा एक दिवस धरील. परवा तुम्ही सांगाल तशी अख्खी वाडी कामाला लावतो. पण उद्या पालखी इथनं गेली नाय, तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सरांनी खांब वाईट निवडला. खरंच आहे ते. ऐनाच्या लाकडाचा सरळसोट खांब बघितला आणि मी भाळलो. बुंधा तपासायचा राहिला माझा."

पाष्ट्यांना सरांशी भांडायचं होतं आणि सर तर भांडणाला जागाच ठेवत नव्हते. तेवढ्यात डोक्यावर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, भारा घेतलेली एक बाई आली, काटे बघून थांबली, "सरांना म्हातारचळ लागला गो बाय," असं हेमांगीला ऐकवून उताराकडे वळली. सर हसले. पाष्टे हसले नाहीत. माळा तशाच खांद्यावर टाकून ते खालच्या वाटेने तणतणत निघून गेले.

चपला हातात घेऊन पऱ्या ओलांडताना हेमांगीला पाष्ट्यांचंच म्हणणं पटत होतं. पलीकडे पोचल्यावर तिच्याने राहवेना.

"सर, एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? पालखी गेली असती, तुमच्या हातचा नारळ झाला असता, आणि परवा तुम्ही साकव बंद केला असता तर सगळ्यांनी तुमचं कौतुकच केलं असतं. चूक लपवायचा प्रश्नच नाही. नुसती वेळ निवडायची. त्यात अप्रामाणिकपणा कसला?"

सर चालता चालता थांबले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"एवढ्या कळकळीने कुणी साकवाची बाजू मांडत नाही गं," ते म्हणाले. "घरी चल आणि सांग काय झालंय ते."

ओटीवर बसून, कोकम सरबताचा पेला हातात घेऊन हेमांगीने सगळं सांगितलं. शेजारच्या ताऱ्याचं, समितीचं, सगळं. मातेओचं तिने सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी सांगितलं. सर मध्ये एकदाच बोलले.

"दुसरा शेजारी घेतला होतास?"

"घेतला होता. वगळला."

"हं," सर म्हणाले. चार शब्द रागाने बोलले असते तर बरं झालं असतं, असं हेमांगीला वाटलं.

"मी मागे घेणारच आहे, सर. फक्त बैठक होऊ दे म्हणते. इतक्या वर्षांचं काम आहे माझं. या एका निबंधापायी ते सगळं जाणार, आणि आत्ताच जाणार. मला भीती वाटते," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

सरांनी तिला शांत होऊ दिलं. मग ते बोलले, ते त्यांच्या नेहमीच्या वर्गातल्या संथ आवाजात.

"हेमांगी, या साकवावरून रोज एकेक माणूस जातं. कुणी भारा घेऊन, कुणी रिकामं. तेवढं वजन तो कुजका खांबही आणखी पाचपंचवीस दिवस धरील, पाष्टे म्हणतात ते खोटं नाही. पण उद्या पालखी येईल. तिच्या मागेपुढे अख्खी वाडी येईल, नाचत येईल, आणि सगळी एकाच वेळी त्या खांबावर चढतील. मानाचा दिवस तोच सगळ्यात जास्त वजनाचा दिवस असतो. म्हणून साकव बंद करायचा तर तो आदल्या दिवशीच, पाष्ट्यांची बोलणी खाऊन.

"तू उद्या संचालक झालीस म्हणजे काय होईल? तुझ्या निबंधाकडे लोक आज बघतात त्याहून अधिक विश्वासाने बघतील. आज विद्वान चढलेत, उद्या विद्यार्थी चढतील. आपलं नाव कुणी लिहिलं की आपल्याला वाटतं, त्याने हार घातला. त्याने आपल्यावर पाय टेकलेला असतो गं. त्या पायाखाली काय आहे, ते फक्त आपल्याला ठाऊक असतं."

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या साकवावर आता सगळ्यात आधी कोण चढतंय?"

"मातेओ," हेमांगी म्हणाली. "परवा."

"मग मला विचारायला एवढा प्रवास कशाला केलास? तुला ठाऊकच होतं की." एवढं बोलून सर उठले आणि आत जाता जाता म्हणाले, "आणि हे बघ, मला काही वाटत नाही असं समजू नकोस. उद्याच्यासाठी मी धोतर धुऊन, घडी घालून ठेवलंय. नारळ चांगला पाण्याचा, हलवून हलवून निवडलाय. माणूस आहे मीही."

हेमांगीला रडता रडता हसू आलं.

त्या वाडीत मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी मिळते, देवळाच्या तिसऱ्या पायरीवर. ऊन उतरल्यावर हेमांगी तिथे जाऊन बसली. देवळात पालखीची तयारी चालली होती, ढोलावर कुणीतरी हात साफ करून घेत होतं. आधी तिने मातेओला लिहिलं, मग बाकीच्या सहकाऱ्यांना, मग निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना आणि सगळ्यात शेवटी निवड समितीला. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच होता: 'आमचा तुलनेचा तारा स्थिर नाही, तो स्वतःच उजळतो आहे. दुसरा तारा ताडून पाहायचा, तो मी वगळला. चूक माझी आहे, सहकाऱ्यांची नाही. कृपा करून आमच्या निष्कर्षावर यापुढे काही उभारू नये.' समितीचा निरोप पाठवताना तिचं बोट क्षणभर अडलं. पायरीवरून पाष्टे चालले होते. ते तिच्याकडे न बघता पुढे गेले. तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आली. ढोल, ताशे, गुलाल, सगळं होतं, पण साकवापाशी आल्यावर घोळका थांबला आणि कुजबूज सुरू झाली. सर धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन काट्यांच्या बाजूला उभे होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पाष्टे हातात पहार घेऊन पऱ्यात उतरले. मधल्या खांबाच्या बुंध्यात, अगदी तळाशी, त्यांनी पहार मारली. ती ओल्या गुळात शिरावी तशी आत शिरली. त्यांनी ती बाहेर काढली आणि पुन्हा दुसऱ्या बाजूने मारली. पुन्हा तेच. मग त्यांनी मान वर करून साकवाकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं, पालखी धरलेल्या आपल्या दोन्ही मुलांकडे पाहिलं.

"पालखी खालनं घ्या रे," ते ओरडले. "उतारानं. नि सावकाश."

धोंड्यांमधून, पाण्यातून, एकमेकांना सावरत पालखी खाली उतरली. पोरांना तर उलट मजाच वाटली. पाण्यात नाचायला मिळालं. पऱ्याच्या मधोमध पाष्ट्यांनी हात वर करून ती थांबवली.

"सर, या की खाली. नारळ घेऊन काय तिथंच उभे राहणार?"

"अहो, साकवावरून कुठे चाललीय पालखी?" सर म्हणाले. "मान बांधणाऱ्याचा असतो."

"असू दे. यंदा साकव बंद करणाऱ्याचा. या, धोतर भिजलं तर भिजू दे."

सरांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. नारळ फुटला, त्याचं पाणी पऱ्याच्या पाण्यात पडलं आणि ढोल पुन्हा वाजू लागला. काठावर उभी असलेली हेमांगी कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मोकळेपणाने श्वास घेत होती. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसली तेव्हा तिला मातेओचं उत्तर मिळालं. पहिल्या ओळीत तो चांगलाच वैतागलेला होता, आणि ते साहजिकच होतं. पण पुढे त्याने लिहिलं होतं, 'दुर्बिणीचा वेळ वाचला. परवानगी मागितली होती, मिळाली. म्हाताऱ्याला आराम करू दे, मी आता तुझ्या शेजाऱ्याकडे बघणार आहे. तो का उजळतो आहे, हे कुणालाच माहीत नाही. पहिलं नाव या वेळी माझं.' हेमांगीने तिथल्या तिथे उलट कळवलं, 'जरूर. आणि शेजारी दोन घे.'

संचालकपदी त्या वर्षी दुसऱ्याची निवड झाली. हेमांगीला वाईट वाटलं, वाटायचंच. तिची सायटेशनंही ओसरली आणि मागे घेतलेल्या निबंधापुढे एक काळी खूण कायमची लागली. पण एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ओळखीचे, अनोळखी संशोधक आपली मोजमापं छापण्याआधी तिच्याकडे पाठवू लागले. 'जरा ठोकून बघा,' असं लिहायचे. त्याची कुठे मोजदाद होत नाही. ती मात्र प्रत्येकाचे शेजारी स्वतः तपासायची आणि त्या कामात तिला सुख लाभू लागलं.

पुढच्या शिमग्यात नव्या साकवावरून पालखी गेली. खांब निवडायला सरांनी हेमांगीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि तिने एकेक बुंधा ठोकून, वाकून, नखाने खरवडून पाहिला होता. ते बघून पातेरेवाली बाई म्हणाली होती की हिलाही सरांचाच रोग लागला. पालखी साकवाच्या मध्यावर आली तेव्हा अख्खी वाडी तिच्याबरोबर नाचत होती. सरांनी नारळ हेमांगीच्या हातात दिला आणि पाष्टे कुरकुरले नाहीत. खालून पाणी वाहत होतं. साकव जागचा हलला नाही.

आपलं नाव चार लोकांनी घेतलं, की आपण आधी खाली उतरून आपला खांब बघून यावा.